मुंबईची जागा आणि मुंबईकराचे बिऱ्हाड



मुंबईस नव्याने आलेल्या माणसास कोणी परिचित भेटला, तर तो ‘घर मिळाले काय?’ असे सहसा विचारीत नाही. ‘जागा मिळाली काय?’ असे विचारतो. इतर गावी घर म्हटले की ओटी, माजघर, परसदार अशी चित्रे मनापुढे येतात. मुंबईत घर म्हणजे जागा. नित्याच्या बोलण्यात रूढ झालेल्या या एका शब्दात त्या शहरातील बिऱ्हाडांच्या प्रश्नाचे मर्म साठविलेले आहे. कोणत्याही घराचे दोन भाग असतात. एक इमला व दुसरी त्याखालील जमीन. इमल्यास लागणारी वीट, सिमेंट, पोलाद आणि गवंड्याचे श्रम ही मागणीबरोबर वाढविता येतात. कापड महाग झाले की नवे माग चालू होतात आणि भाव उतरतो. इमल्याचेही तसेच होऊ शकते. जमिनीचे मात्र तसे होत नाही. समुद्र हटवून थोडीबहुत जमीन मिळविता येते. परंतु गिरणीच्या, कचेरीच्या किंवा आगगाडीच्या स्टेशनाच्या जवळची जमीन कोणत्याही कारखान्यात निर्माण होत नाही. शहर वाढते, तिची किंमत वाढते, आणि ही वाढ मालकाने बोटही न हलविता त्याच्या पदरात पडते.

घरांच्या टंचाईवर बोलणाऱ्या सुशिक्षितांत दोन पक्ष आढळतात. एक म्हणतो, सरकारने भाव बांधून द्यावेत म्हणजे गरिबांस घरे मिळतील. दुसरा म्हणतो, सरकारने हात काढून घ्यावा म्हणजे बाजार घरे पुरवील. दोन्ही पक्षांच्या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे. परंतु मुंबई शहराने गेल्या सव्वाशे वर्षांत हे दोन्ही उपाय, आणि त्यांच्या मधलेही कित्येक, स्वतःच्या अंगावर करून पाहिले आहेत. म्हणून तर्कापेक्षा तो अनुभव तपासणे अधिक फलदायी होईल.

या कथेचा आरंभ १८९६ साली होतो. त्या वर्षी मुंबईत प्लेग आला. दाटीच्या, अंधाऱ्या, निचरा नसलेल्या वस्त्यांत त्याने थैमान घातले आणि माणसे शहर सोडून पळू लागली. जी गोष्ट गरिबांच्या दुःखाने झाली नव्हती, ती श्रीमंतांच्या भीतीने झाली. १८९८ साली कायदा होऊन ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ नावाची संस्था स्थापन झाली. तिने रुंद रस्ते काढले, रोगट वाडे पाडले, काही चाळी बांधल्या. तथापि जितकी बिऱ्हाडे उठविली तितकी नव्याने वसविली गेली नाहीत. उठविलेले लोक शहर सोडून गेले नाहीत. त्यांना कामधंदा तेथेच होता. ते शेजारच्या गल्लीत गेले, आणि पाच माणसांच्या खोलीत आठ माणसे राहू लागली. वाईट घर पाडल्याने चांगले घर निर्माण होत नाही, एवढा धडा त्यातून मिळावयास हवा होता.

त्याच ट्रस्टचे दुसरे एक काम मात्र आवर्जून सांगण्याजोगे आहे. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूची मोकळी जमीन संस्थेने संपादन केली, तीत रस्ते, गटारे, बागा आखल्या, आणि भूखंड विकून न टाकता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. इमले खासगी लोकांनी बांधले. आजही त्या वस्त्यांतून फिरणाऱ्यास झाडांची सावली आणि रस्त्यांची रुंदी पाहून समाधान वाटते. याच सुमारास, १९१५ साली, गावदेवी येथे श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या खटपटीने सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांनी एकत्र येऊन नफ्याचा हेतू न ठेवता बिऱ्हाडे उभारावीत, ही कल्पना या देशात तिने रुजविली. हे दोन्ही प्रयोग मध्यमवर्गापुरतेच राहिले, हे खरे. परंतु जमिनीवरचा लोभ आवरला तर खासगी प्रयत्न किती चांगले काम करतो, हे त्यांनी दाखवून दिले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधकाम थंडावले, गिरण्यांस बरकत आली, माणसे लोटली आणि भाडी भडकली. १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. पाठोपाठ गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ निघाले. त्याच्या चाळींस लोक आजतागायत ‘बीडीडी चाळी’ म्हणतात. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीस १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीस चार मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एकंदर साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि शौचकूप मजल्यास सामाईक.

आश्चर्याची गोष्ट ही की, माणसे फुटपाथावर झोपत असता यांतील पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या. भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि वरळीसारखे ठिकाण गिरणीपासून त्या काळी दूर वाटे. १९३० नंतरच्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा सरकारने तात्पुरत्या तुरुंगासारखा उपयोग केला. श्रमजीवी कुटुंबांसाठी बांधलेल्या खोल्यांत सत्याग्रही कोंडले गेले. यातून दुसरा धडा मिळाला. घर स्वस्त आहे की नाही हे केवळ भाड्यावरून ठरत नाही. घरापासून कामापर्यंत जाण्यास लागणारा वेळ आणि पैसा त्या भाड्यात मिळवावा लागतो.

यानंतर दुसरे महायुद्ध आले. १९३९ साली भाड्यांवर पुन्हा निर्बंध आले आणि १९४७ साली तो प्रसिद्ध कायदा झाला, ज्याने सप्टेंबर १९४० मधील भाडे हेच सर्वसाधारणपणे ‘प्रमाणभूत भाडे’ ठरविले. त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतल्यावाचून त्या कायद्यास दोष देणे अन्यायाचे होईल. १९४१ च्या खानेसुमारीत मुंबई बेटाची लोकसंख्या १५ लाखांच्या जवळपास होती. १९५१ मध्ये ती २३ लाखांच्या वर गेली. फाळणीने निर्वासित झालेली हजारो कुटुंबे आश्रय शोधीत होती. भाडे मोकळे ठेवले असते तर कारकून, शिक्षक, गिरणीकामगार यांच्या बिऱ्हाडांवर रस्त्यावर येण्याची पाळी आली असती. ताप चढलेल्या रोग्याच्या कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेवणे हे योग्यच होते. चूक झाली ती ही, की पट्टी पन्नास वर्षे तशीच ठेवली आणि रोगावर औषध दिले नाही.

भाडे गोठले, परंतु चुना, लाकूड, गवंड्याची मजुरी यांपैकी काहीच गोठले नाही. घरमालकास मिळणाऱ्या भाड्यातून डागडुजी करणे अशक्य झाले. कित्येकांनी ती न करण्यास ही एक सबबही मिळाली. चाळीच्या उत्पन्नावर जगणारी एखादी विधवा घरमालकीण आपल्या भाडेकरूंपेक्षा दरिद्री झाली, आणि मोक्याच्या ठिकाणी मोठ्या जागा अडवून बसलेल्या पेढ्या व कंपन्या मात्र गरिबांसाठी केलेल्या कायद्याच्या सावलीत नाममात्र भाडे भरीत राहिल्या. बाजारास पुढच्या दाराने मज्जाव झाला तेव्हा तो मागच्या दाराने आला. त्याचे नाव ‘पागडी’. भाडे दहा रुपये राहिले. पण खोलीचा ताबा मिळविण्यासाठी हजारो रुपये मोजावे लागू लागले. ज्याच्यापाशी पुंजी नाही अशा नवागतास कायद्याने स्वस्त केलेली खोली पूर्वीपेक्षा अधिक दुर्लभ झाली. ज्याला जागा होती त्याचे रक्षण झाले. ज्याला नव्हती त्याच्यासाठी नवी भाड्याची चाळ बांधण्यास कोणी पुढे येईना.

जुन्या इमारती खचू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती-मंडळाचा कायदा झाला आणि १९,६४२ इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या डागडुजीची जबाबदारी सरकारने आपल्याकडे घेतली. तरीही पावसाळा आला की दक्षिण मुंबईतील कित्येक कुटुंबांच्या उरात धडकी भरते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यापूर्वीच, १९९७ साली, सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभूत भाड्याची तरतूद काळाच्या ओघात गैरवाजवी झाल्याचे स्पष्ट केले होते. १९९९ च्या नव्या कायद्याने दरसाल चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली आणि मोठ्या कंपन्यांस संरक्षणातून वगळले. परंतु ज्या भाड्यावर चार टक्के चढवावयाचे ते मुळातच चाळीसच्या सुमाराचे होते. अर्धशतक गोठलेली रक्कम अशा वाढीने डागडुजीपुरतीही होत नाही.

मुंबईशी तुलना करण्याजोगे एक शहर म्हणजे ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तेथेही पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, भाडी गोठविली गेली. परंतु तेथील नगरपालिका तेवढ्यावर थांबली नाही. भाड्याची प्राप्ती घटल्यामुळे जमिनींचे भाव उतरले, तेव्हा तिने त्या विकत घेतल्या. १९२३ पासून घरांवर चढत्या दराचा कर बसविला, ज्याचा मुख्य भार आलिशान घरांवर पडला. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक बिऱ्हाडे बांधली आणि ती विकली नाहीत, भाड्याने दिली. ‘कार्ल मार्क्स होफ’ ही त्यांतील प्रख्यात वसाहत १९३० मध्ये उघडली. तिच्या एकटीत १,३८२ बिऱ्हाडे होती. आजही व्हिएन्नाच्या नगरपालिकेकडे दोन लाखांहून अधिक भाड्याची घरे आहेत. औषध तेच होते. तेथे गोठविण्याबरोबर बांधणे झाले, येथे केवळ गोठविणे झाले.

सिंगापूरची वाट निराळी. तेथे १९६० साली गृहमंडळ स्थापन झाले आणि १९६६ च्या कायद्याने सरकारला जमीन संपादनाचे व्यापक अधिकार मिळाले. आज तेथील दर पाच रहिवाशांपैकी सुमारे चार सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. परंतु घर विकत घेणारासही त्याचा हक्क ९९ वर्षांच्या पट्ट्यानेच मिळतो, जमीन सरकारचीच राहते. त्या राज्याची सक्ती आपल्याकडील लोकशाहीस मानवणारी नाही, हे उघड आहे. तथापि दोन निरनिराळ्या विचारसरणींच्या शहरांत एक गोष्ट समान आहे. दोघांनीही प्रथम जमिनीचा प्रश्न सोडविला, मग घरांचा.

आपल्याकडे तसा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरांपलीकडील मोकळी जमीन सरकारजमा करण्याचे ठरले. हेतू स्तुत्य होता. परंतु प्रत्यक्षात सरकारच्या हाती फारच थोडी जमीन आली. बरीचशी कज्जेदलालीत आणि सवलतींच्या अर्जांत अडकून बाजारातूनही नाहीशी झाली. टंचाई दूर करण्यासाठी केलेल्या कायद्याने टंचाई वाढविली. महाराष्ट्राने २००७ साली तो रद्द केला.

भाड्याची चाळ बांधणारा उरला नाही, जमीन कुलूपबंद झाली, आणि माणसे तर येतच राहिली. ती झोपडपट्टीत गेली. २०११ च्या खानेसुमारीत बृहन्मुंबईतील दर पाच माणसांपैकी दोन झोपडपट्टीत राहत होती. तिच खानेसुमारी सांगते की, त्याच शहरात सुमारे ४.८ लाख घरे रिकामी होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले म्हणजे ‘बाजार घरे पुरवील’ म्हणणाऱ्यांनीही थोडे थांबून विचार करावयास हवा. बाजाराने घरे पुरविली. परंतु ती राहण्याची गरज असलेल्यांना नव्हे, पैसा साठविण्याची सोय हवी असलेल्यांना. भारतातील शहरांत १९६१ साली ५४ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत. २०११ पर्यंत हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. नवागतास शहरात पाय ठेवण्यासाठी जी खालची पायरी होती, तीच कोणी काढून नेली असे झाले.

१९९० नंतर सरकारने तिसरा मार्ग धरला. स्वतः बांधावयाचे नाही, भाव बांधावयाचे नाहीत, तर खासगी बांधकाम व्यावसायिकाला अधिक चटई क्षेत्र द्यावयाचे, म्हणजे तेवढ्याच भूखंडावर अधिक मजले चढविण्याची परवानगी द्यावयाची, आणि त्याच्या नफ्यातून गरिबांस घर मिळवून द्यावयाचे. १९९५ च्या योजनेने मुंबईतील झोपडीवासीयांस २२५ चौरस फुटांचे घर मोफत देण्याचे जाहीर केले; ४० लाख माणसांना आठ लाख घरे मिळतील असे सांगण्यात आले. सरकारी तिजोरीतून एक पैसा न काढता हे घडावयाचे होते. काही वस्त्यांत ते घडलेही, आणि ज्यांना पक्के छप्पर, नळ व शौचकूप मिळाले त्यांच्या आयुष्यात खरोखर पालट झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु योजना आपल्या उद्दिष्टाच्या जवळपासही गेली नाही.

याचे कारण योजनेच्या गाभ्यातच आहे. मोफत घराचा खर्च शेवटी त्याच भूखंडावरील महाग घर विकत घेणारा देतो. म्हणून जेथे जमिनीचे भाव उंच तेथे व्यावसायिकांची झुंबड, आणि जेथे ते बेताचे तेथे शुकशुकाट. भाव उतरले की काम थांबते आणि संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे वर्षानुवर्षे वाट पाहत बसतात. स्वस्त घर महाग घराच्या पोटी जन्म घेते, असा हा विचित्र वंशक्रम आहे. ज्या सरकारने घरे स्वस्त व्हावीत म्हणून झटावयाचे, त्याचीच योजना घरे महाग राहण्यावर अवलंबून राहिली.

गिरण्यांच्या जमिनीची कथा याहून खेदकारक आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे ठरविले. एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, एक मालकास. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त इमारत नसलेल्या मोकळ्या तुकड्यापुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य ठरविला. शहराच्या मध्यभागी, स्टेशनांच्या पायथ्याशी, कामकरी माणसांसाठी इतकी जमीन पुन्हा उपलब्ध होणे दुरापास्त आहे. गिरणीकामगारांच्या वारसांपैकी कित्येकांच्या वाट्यास पनवेलनजीकच्या कोन गावी ३२० चौरस फुटांची घरे आली. परळच्या गिरणीत राबलेल्यांचे वारस पनवेलीस, आणि परळास उंच मनोरे, अशी ही वाटणी झाली.

या साऱ्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष फार गूढ नाही. इमला बांधणे हे काम खासगी माणूस, सहकारी संस्था आणि सरकार या तिघांनाही करता येते, आणि स्पर्धा असेल तर ते चांगले होते. परंतु शहराच्या वाढीमुळे चढणारी जमिनीची किंमत ही कोणा एकाच्या श्रमाचे फळ नाही. आगगाडी, रस्ते, नळ आणि लाखो लोकांची ये-जा यांनी ती निर्माण केलेली असते. म्हणून सार्वजनिक मालकीची जी जमीन आज शिल्लक आहे, मग ती राज्य सरकारची असो, रेल्वेची असो, बंदराची असो वा नगरपालिकेची असो, ती विकून टाकू नये. दादर-माटुंग्याप्रमाणे पट्ट्याने द्यावी. इमला खुशाल खासगी व्यावसायिकाने बांधावा. परंतु त्यातील निश्चित वाटा भाड्याच्या बिऱ्हाडांसाठी कायमचा राखून ठेवावा. भाडे गोठवू नये. डागडुजीचा खर्च आणि माफक प्राप्ती निघेल असे दरसाल बेताने वाढवावे, आणि त्यातून दुरुस्तीचा निधी वेगळा काढावा. ज्याला हेही परवडत नाही त्याला सरकारने उघडपणे, आपल्या अंदाजपत्रकातून साह्य करावे. घरमालकाच्या किंवा शेजारच्या खरेदीदाराच्या खिशातून ते गुपचूप वसूल करू नये.

असे सुचविले म्हणजे सुखवस्तू वसाहतींतून पहिला आक्षेप येतो तो ‘आमच्या शेजारी मात्र नको’ हा. त्याच वसाहतींत पहाटे दूध पोचविणारा, दिवसभर भांडी घासणारी, रात्री फाटकाशी बसणारा, आजाऱ्याची शुश्रूषा करणारी ही माणसे दोन-दोन तासांच्या प्रवासाने येतात. आता तर हा प्रश्न त्यांच्यापुरताही उरलेला नाही. ज्या मध्यमवर्गीय कुटुंबास आजोबांच्या काळी गिरगावात किंवा दादरास भाड्याची दोन खोल्यांची जागा मिळाली, त्या कुटुंबातील नातवाला लग्न ठरताच बदलापूर किंवा विरारची वाट धरावी लागते, आणि सुनेची उमेदीची वर्षे आगगाडीच्या दाराशी उभी राहून जातात. घरे वाढली, मनोरे वाढले, आणि एकाच शहरातील माणसांमधले अंतर त्याहून अधिक वाढले.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पाचशेंवर कुटुंबांना पुनर्विकासातील ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे १६० चौरस फुटांत संसार केलेल्या घराण्यांचा तो आनंद कोणासही भावेल. हे शक्य झाले त्याचे मुख्य कारण, ती जमीन शंभर वर्षांपूर्वी सार्वजनिक होती आणि मधल्या काळात कोणी विकली नाही. पुढच्या शतकात येथे पोट भरावयास येणाऱ्यांसाठी आजची पिढी अशी किती जमीन मागे ठेवते, यावर त्यांची बिऱ्हाडे अवलंबून राहतील. नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मागावयास दाराशी येणाऱ्या उमेदवारास ‘घरे किती बांधाल?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याच्या आधी ‘आमची जमीन विकणार की राखणार?’ हे विचारण्याची सवय सुशिक्षित नागरिकांनी लावून घ्यावी.